गाडगेबाबांची धर्मशाळा आणि फोनवरची ओपीडी

कॅन्सरचे उपचार घेऊन परतलेल्या आमच्या भागातल्या माणसाची पिशवी साधारण एकसारखीच असते. एखाद्या सराफाने किंवा खताच्या दुकानदाराने दिलेली कापडी पिशवी, तिच्यात फाइल, सीटी स्कॅनच्या मोठाल्या फिल्म, डिस्चार्ज कार्ड, रेल्वे सवलतीच्या दाखल्याची झेरॉक्स आणि तळाशी चुरगळलेल्या दोन-चार पावत्या. मुंबईला टाटा रुग्णालयात जाऊन आलेल्यांच्या पिशवीत त्यातली एक पावती पुष्कळदा दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेची असते. आटपाडी, खरसुंडी, दिघंचीकडच्या कितीतरी घरांत आज गाडगेबाबा हे संताचे नाव राहिलेले नाही, तो मुंबईतला पत्ता झाला आहे. रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता.

बाबांना आपण खराट्यावरून ओळखतो. शाळेच्या भिंतीवरचे चित्र, ग्रामपंचायतीत लावलेला फोटो, तासगावचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना २००० साली सुरू झालेले ग्रामस्वच्छता अभियान, सगळीकडे तोच खराटा. एक वैद्यकीय माणूस म्हणून मला मात्र त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. आजारी माणूस आपल्या गावापासून लांब गेला की त्याचे काय होते, हे त्यांनी ओळखले आणि त्यावर दगडविटांचा उपाय केला. त्या कामाकडे जाण्याआधी त्यांचे आयुष्य थोडे पाहू.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. गाव शेंडगाव, आजचा अमरावती जिल्हा, अंजनगाव सुर्जी तालुका. जात परीट. वडील झिंगराजींना दारूने घेरले आणि डेबू आठ वर्षांचा असताना ते गेले. आई सखूबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. मामाच्या घरी गुरे राखायची, नांगर धरायचा, नदीत पोहायचे, रात्री भजनाला बसायचे, असे ते बालपण. शाळा नाही. पुढे मामाची जमीन सावकाराच्या कागदात अडकली. वाचता न येणाऱ्या माणसाने अंगठा उठवला की शेत कसे जाते, हे डेबूजींनी घरातच पाहिले. मुलांना शाळेत घाला हा त्यांच्या कीर्तनातला आग्रह तिथून आलेला आहे.

वडिलांच्या दारूबद्दल थोडे सांगायला हवे. त्या काळी दारूने माणूस मरतो म्हणजे यकृत जाते, घर जाते, एवढेच लोकांना ठाऊक होते. दारू हा कॅन्सरचा थेट कारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ साली नोंदवले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत आणि पुढे मोठे आतडे व स्तन या सगळ्यांचा आज त्यात समावेश होतो. तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, तो गुणाकाराने वाढतो. डेबूजींना यातले काही माहीत असण्याचे कारण नव्हते. पण पहिल्या मुलीच्या बारशाला त्यांनी जे केले ते एखाद्या व्यसनमुक्ती केंद्राला जमणार नाही. जातीच्या रिवाजाप्रमाणे बोकड आणि दारू व्हायला हवी होती. त्यांनी पंगतीला गोड जेवण वाढले. भाऊबंद रागावले, कुरकुरले, आणि जेवून गेले.

१ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री त्यांनी घर सोडले. त्या वेळी ते एकोणतिशीत होते, घरी आई, बायको कुंताबाई आणि मुले होती. या सोडून जाण्याचे कौतुक करताना मागे राहिलेल्या बायकांच्या वाट्याला काय आले याचा विचार आपण फारसा करत नाही, हे मला नेहमी खटकते. असो. त्यानंतरची बरीच वर्षे ते नुसते फिरत राहिले. अंगावर रंगीबेरंगी चिंध्यांची गोधडी, हातात काठी आणि फुटके मडके. त्याच मडक्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे आणि ऊन लागले तर तेच डोक्यावर पालथे घालायचे. विदर्भात अशा मडक्याला गाडगे म्हणतात. लोकांनी त्यावरून नाव ठेवले.

त्यांची पद्धत ठरलेली होती. गावात शिरायचे, कुणाशी न बोलता खराटा घ्यायचा आणि गटारे, उकिरडे, देवळासमोरची घाण साफ करायला लागायचे. लोक आधी हसायचे, मग थांबून पाहायचे, मग एखादा हातभार लावायचा. संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागेत कीर्तन. या कीर्तनाची गंमत अशी की त्यात उपदेश कमी आणि प्रश्न जास्त असायचे. वऱ्हाडी बोलीत ते समोरच्यांना विचारायचे, कर्ज काढून तेरावे घातले का, देवाला बकरे कापले का, पोरगा शाळेत जातो का. समोरून उत्तर यायचे, त्यावर पुढचा प्रश्न. आम्हा डॉक्टरांना पहिल्या वर्षी शिकवतात की रुग्णाला बोलते करा, निदान त्याच्याच तोंडून बाहेर येते. बाबा शेकडो माणसांची हिस्टरी एका रात्रीत घ्यायचे. त्यातले एक कीर्तन, १९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेले, ध्वनिफितीवर उतरवलेले आहे. ज्यांनी ते ऐकले आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

पंढरपूर आमच्या आटपाडीच्या शेजारचे. आषाढीला इथली वाडीवस्ती रिकामी होते. आज वारीत टँकर, फिरती शौचालये, आरोग्य पथके असतात. बाबांच्या तरुणपणी तसे काही नव्हते आणि यात्रेबरोबर पटकीची साथ यायची. पटकीचा जंतू विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जातो. चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो माणसे, तिथेच शौच, तिथलेच पाणी, म्हणजे साथीला आमंत्रणच. बाबा पंढरपुरात येत, पण विठ्ठलाच्या दर्शनाला आत जात नसत. ते वाळवंट झाडत. लोक याला भक्तीचा वेगळा प्रकार म्हणतात. मला त्यात रोगप्रतिबंधाचा पहिला धडा दिसतो, आणि तो जंतूंचे नावही न ऐकलेल्या माणसाने गिरवलेला आहे.

१९२३ साली त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंदा वारला. बातमी पोचली तेव्हा ते कोकणात खारेपाटणला कीर्तनात होते. त्यांनी कीर्तन थांबवले नाही, असे सांगतात. ही आठवण थोरपणाची म्हणून सांगितली जाते. मला ती वाचताना दुसरेच दिसते. मुलगा एकीकडे, बाप दुसरीकडे, मध्ये शेकडो कोस, आणि खबर पोचायला लागलेला वेळ.

आता धर्मशाळांविषयी. बाबांच्या लक्षात आले की यात्रेच्या गावी ज्याच्याकडे पैसा आहे किंवा ज्याची जात वरची आहे त्याला छप्पर मिळते, बाकीचे उघड्यावर झोपतात. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांना तर कुणी ओसरीलाही थारा देत नसे. त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. मग नाशिक, आळंदी, देहू आणि आणखी कितीतरी. पैसा कीर्तनातून, व्यापाऱ्यांकडून, गिरणी कामगारांकडून यायचा. त्यातली दमडी ते स्वतः घेत नसत, आणि ज्या इमारती उभ्या केल्या तिथे आपल्या घरच्यांचा कसलाही हक्क राहणार नाही अशी लेखी व्यवस्था त्यांनी करून ठेवली. निरक्षर माणसाचा हा व्यवहार थक्क करणारा आहे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. कर्मवीर भाऊराव पाटलांशी त्यांचा किती जिव्हाळा होता हे सातारा-सांगलीकरांना सांगायला नको. रयतने १९५४ साली कराडला काढलेल्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव आहे आणि आटपाडीची कितीतरी मुले तिथे शिकली.

त्याच १९५४ च्या सुमारास मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी एक धर्मशाळा उभी केली. ती यात्रेकरूंसाठी नव्हती, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी होती. मला वाटते, हे त्यांच्या सगळ्या कामातले सर्वांत आधुनिक काम. रुग्णालय रुग्णाला खाट देते, औषध देते. त्याच्याबरोबर आलेल्या म्हाताऱ्या आईला किंवा भावाला काहीच देत नाही. तो फुटपाथवर झोपतो, वडापाव खातो, चार दिवसांत स्वतः आजारी पडतो आणि सातव्या दिवशी उपचार अर्धे टाकून दोघे गावाकडची गाडी पकडतात. उपचार अर्धवट सुटण्याचे कारण अनेकदा औषधात नसून मुक्कामात असते. हे आज सार्वजनिक आरोग्याच्या पुस्तकात शिकवतात. बाबांनी ते फुटपाथवर पाहिले.

त्यांच्या नावाने जी दहा कलमांची शिकवण सांगितली जाते तिच्यात भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांच्याबरोबरच बेघराला आसरा, रोग्याला औषधोपचार आणि शेवटी निराश माणसाला हिंमत असेही आहे. ऋणमोचनच्या यात्रेत आंधळे, पांगळे, महारोगी यांना ते पंगतीला बसवत. महारोग्याच्या जवळही कुणी जात नसे त्या काळातली ही गोष्ट.

बाबांच्या पश्चात त्यांच्याच वाटेने उभी राहिलेली दादरची धर्मशाळा आता मुख्यतः टाटा रुग्णालयात येणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांनी भरलेली असते. परळचे टाटा मेमोरियल १९४१ च्या फेब्रुवारीत सुरू झाले, आणि तेव्हापासून देशभरातून माणसे तिथे येत आहेत. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला ऑपरेशननंतर किरणोपचार द्यायचे झाले तर सहा-सात आठवडे लागतात. आठवड्यातले पाच दिवस, रोज काही मिनिटे. एवढ्यासाठी रोज आटपाडीहून कोण जाणार? म्हणून खोली हवी, स्वयंपाकाची सोय हवी, कारण तोंड सोललेल्या माणसाला पातळ भात आणि वरणाचे पाणीच चालते, आणि ते हॉटेलात मिळत नाही. ज्यांना दादरला जागा मिळत नाही ते परळच्या फुटपाथवर दिसतात. उपचार पुरे होणे आणि न होणे यात कित्येकदा या एका खोलीचे अंतर असते.

इथपर्यंत बाबांच्या नावाची सोय पोचते. खरी पंचाईत त्यानंतर सुरू होते, जेव्हा उपचार संपतात, माणूस घरी येतो, गाव भेटायला येते, नारळ फुटतो आणि सगळे समजतात की झाले.

झालेले नसते. तोंडाच्या कॅन्सरनंतर पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी लागते, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत चार ते आठ महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा. याचे कारण आजार उलटायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो, आणि लवकर सापडला तर पुन्हा काही करता येते. त्याखेरीज उपचारांची स्वतःची शिल्लक असते. किरणांनी लाळ आटते, दात किडतात, जबडा आखडतो. मानेच्या ऑपरेशनने खांदा दुखतो. स्तनाच्या कॅन्सरनंतर हात सुजतो, आणि गोळ्या पाच, कधी दहा वर्षे चालतात. मुंबई आटपाडीहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर. आटपाडीला रेल्वे नाही. एका तपासणीसाठी दोन रात्री प्रवास, दोन माणसांचा रोजगार बुडतो, आणि डॉक्टर पाच मिनिटांत सांगतात की ठीक आहे, तीन महिन्यांनी या. रेल्वेची आणि एसटीची कॅन्सर रुग्णांना भाड्यात सवलत आहे, ती जरूर घ्यावी. पण बुडालेल्या दिवसाला सवलत नसते. डाळिंबाची फवारणी कुणासाठी थांबत नाही.

माझ्या ओपीडीत आलेल्या एका मावशींची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. वय साठीच्या पुढचे, लहानपणापासून मिशरी लावायची सवय, गालाच्या आतून कॅन्सर. मुंबईत ऑपरेशन झाले, किरणोपचार झाले, दादरच्या धर्मशाळेत मुलाबरोबर पावणेदोन महिने काढले. त्यानंतर त्या दोनदा तपासणीला गेल्या आणि मग बंद झाल्या. दीड वर्षाने माझ्याकडे आल्या त्या चेहरा सुजलेला, आवाज बसलेला, अंगात त्राण नाही, थंडी वाजते, पोट साफ होत नाही अशा अवस्थेत. घरच्यांनी आणि त्यांनी स्वतः मनाशी ठरवले होते की आजार परत आला. म्हणूनच त्या तपासणीला जात नव्हत्या, परत आला असे कानांनी ऐकायचे नव्हते. मी मान चाचपली, तोंड पाहिले, गाठ नव्हती. थायरॉइडची रक्त तपासणी पाठवली. टीएसएच भरपूर वाढलेला.

मानेवर किरण पडले की थायरॉइड ग्रंथी हळूहळू मंदावते. बऱ्याच जणांत होते, महिन्यांनी किंवा वर्षांनी होते, म्हणून दर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच पाहायचा असतो. उपचार काय, तर सकाळी उपाशीपोटी एक स्वस्तातली गोळी. तीन महिन्यांत मावशी पुन्हा शेळ्या घेऊन माळावर जाऊ लागल्या. त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आरोग्य उपकेंद्र होते, मुलाच्या खिशात फोन होता. ही एक रक्त तपासणी सुचवायला मुंबईची गरज नव्हती आणि माझीही नव्हती. मधले दीड वर्ष भीतीत गेले.

टेलिमेडिसिन, म्हणजे फोनवर किंवा व्हिडिओवर डॉक्टरचा सल्ला, याचा कॅन्सरनंतरच्या काळात उपयोग होतो तो असा. मार्च २०२० मध्ये सरकारने त्याचे नियम जाहीर केले, त्यामुळे आता हा प्रकार कायदेशीर चौकटीत आहे. ई-संजीवनी ही सरकारी सेवा २०१९ च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि एप्रिल २०२० पासून ती थेट रुग्णाच्या फोनवरही आली. स्मार्टफोन नसेल किंवा तो नीट चालवता येत नसेल तर गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या जुन्या उपकेंद्रात, समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. त्या रुग्णाला समोर घेऊन मोठ्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलतात. हे मला घरच्या फोनपेक्षा बरे वाटते. समोर एक प्रशिक्षित माणूस असतो, वजन करतो, रक्तदाब घेतो, बॅटरी लावून तोंड दाखवतो.

नुसत्या फोनने काही होते का, अशी शंका रास्त आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यात डॉ. कुर्ट क्रोएन्के आणि सहकाऱ्यांनी १६ कॅन्सर केंद्रांतले, शहरी आणि ग्रामीण मिळून, ४०५ रुग्ण घेऊन हे तपासले. त्यांना वेदना किंवा उदासी, किंवा दोन्ही होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याबरोबर नर्सचा नियमित फोन आणि घरबसल्या लक्षणांची नोंद. वर्षभरात फोनवाल्या गटात वेदना आणि उदासी दोन्ही अधिक कमी झाल्या. २०१० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या वेळी फोन साधेच होते, व्हिडिओची गरज पडली नाही. माणसाला वेळेवर विचारले, आणि तो सांगेल ते कुणीतरी औषधाच्या डोसात उतरवले, एवढेच. बाबांच्या कीर्तनातली प्रश्नोत्तरे मला इथे आठवतात.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात, कारण नवी सोय आली की तिच्यावर सगळे ढकलायची आपली रीत आहे. मानेतली किंवा काखेतली गाठ बोटांनी लागते, कॅमेऱ्याने नाही. जिभेच्या मुळाशी काय आहे ते दुर्बिणीने पाहावे लागते. म्हणून पहिल्या दोन वर्षांतल्या सगळ्या भेटी फोनवर उरकता येत नाहीत. एक प्रत्यक्ष, एक फोनवर, अशी पाळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून ठरवावी. नवी गाठ, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, रक्त, आवाजात बदल, गिळताना अडकणे, कारण नसताना घटणारे वजन, रात्री जागे करणारे हाडाचे दुखणे, यातले काही असेल तर फोनची वाट पाहू नका, गाडी पकडा. मिरजेला, कोल्हापूरला, बार्शीला कॅन्सरची रुग्णालये आहेत. दर वेळी मुंबईच गाठली पाहिजे असे नाही.

एक अडचण कायद्याची. मॉर्फिनसारखी अमली पदार्थांच्या यादीतली औषधे फोनवर लिहून देता येत नाहीत. नियमामागचा हेतू योग्य आहे, पण तीव्र वेदना असलेल्या माणसालाच प्रवास करावा लागतो, हे कटू आहे. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणे सोपे झाले. जिल्ह्या-तालुक्यांतल्या जास्तीत जास्त रुग्णालयांनी ती मान्यता घेतली तर हा प्रवास तरी कमी होईल.

दुसरी अडचण घरातली. बाई फोनवर बोलत असते तेव्हा सून शेजारी, नातू मांडीवर, नवरा दारात. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्तस्राव होतो हे ती अशा वेळी कशी सांगेल? आणि स्तनाच्या कॅन्सरच्या टॅमॉक्सिफेन गोळ्या चालू असतील तर नेमके हेच सांगायचे असते, कारण त्या गोळीने क्वचित गर्भाशयाच्या अस्तराचा त्रास होतो. फोन करणाऱ्या डॉक्टरने आधी विचारावे, तुम्ही एकट्या आहात का. आशाताईंना घराघरांतली ही परिस्थिती आमच्यापेक्षा चांगली ठाऊक असते. मन फारच खचले असेल, झोप उडाली असेल तर टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट आणि मराठीतून.

आपल्या भागाचा एक फायदाही आहे. आटपाडी, खानापूर, विटा इथली माणसे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. आई-वडील इथे, मुलगा केरळात किंवा तमिळनाडूत दुकानात. अशा घरात व्हिडिओवर बोलायची सवय डॉक्टरांच्या आधीपासूनच आहे. सल्ल्याच्या वेळी त्या मुलालाही कॉलवर घ्यावे. औषधाचा खर्च तोच करणार असतो आणि आई-वडील काय लपवतात हे त्यालाच माहीत असते. बोलण्याआधी डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटे समोर ठेवावीत. वजन त्याच एका काट्यावर आठवड्याला करून कॅलेंडरवर लिहावे. तोंडाचे उपचार झालेल्यांनी आपलीच तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जातात का ते पाहावे. आधी जात होती आणि आता दोनच जातात, ही माहिती डॉक्टरला फोनवरही पुरते आणि जबड्याचे व्यायाम वेळेत वाढवता येतात.

बाबांचा शेवट प्रवासातच झाला. डिसेंबर १९५६ मध्ये प्रकृती ढासळलेली असताना त्यांना अमरावतीकडे नेले जात होते. २० डिसेंबरला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी प्राण सोडला. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा चौदा दिवस झाले होते. अमरावतीत जिथे त्यांची समाधी आहे तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो, आणि तिथल्या विद्यापीठालाही त्यांचे नाव आहे. अक्षर न शिकलेल्या माणसाचे नाव विद्यापीठाला.

मावशी परवा आल्या होत्या, टीएसएचचा कागद घेऊन. तो आता आटोक्यात आहे. त्यांचे सध्याचे वेळापत्रक असे: दर तीन महिन्यांनी उपकेंद्रात व्हिडिओवर तपासणी, सहा महिन्यांनी रक्त, आणि वर्षातून दोनदा मुंबईला प्रत्यक्ष. पुढची मुंबईची खेप दिवाळीनंतर आहे. मुलाने दादरला फोन करून खोलीबद्दल आधीच विचारून ठेवले आहे, आणि मावशींनी मिशरीचा डबा उकिरड्यावर फेकल्याचे मला दोनदा सांगितले. सून मागे उभी राहून मान हलवत होती. तिचा दुजोरा होता की नकार, ते मला त्या गर्दीत नीट कळले नाही. पुढच्या वेळी विचारायचे म्हणून कागदावर लिहून ठेवले आहे.